दोन फायली, एक आजार

गतवर्षीच्या आषाढातील ही हकीकत आहे. माझे धाकटे बंधू पुण्याच्या भुसार बाजारात डाळी-कडधान्यांचा घाऊक व्यापार करतात. वडिलांच्या काळापासूनची पेढी आहे. मी घरातला थोरला असूनही गादीवर न बसता बँकेत गेलो आणि छत्तीस वर्षे परक्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालो. त्यामुळे पेढीचा आणि बंधूंच्या संसाराचा मी दुरूनच साक्षीदार असतो. या हकीकतीतही मी नाशिकहून पोहोचलो तो चौथ्या दिवशी. परंतु त्या दिवशी एक कागद माझ्या हाती आला, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात आहे.

बंधूंच्या घरी ब्रूनो नावाचा लॅब्राडोर जातीचा कुत्रा आहे. नातवंडांच्या हट्टाखातर आलेला आणि पुढे माझ्या पुतण्याच्या गळ्यातील ताईत झालेला. पुतण्या रोज सकाळी त्याला फिरवून थेट गाळ्यावर नेत असे. दिवसभर ब्रूनो पोत्यांच्या थप्प्यांमधून हिंडे, हमालांच्या पायांत घुटमळे आणि तहान लागली की गाळ्यामागच्या बोळात साचलेले पाणी पिई. त्याच्यासाठी स्टीलचे भांडे भरून ठेवलेले असे. पण डबक्यातील पाण्याची गोडी त्याला भांड्यातल्या पाण्यात लागत नसावी. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रूनोने अन्न सोडले. दोन दिवस उलट्या झाल्या, मागचे पाय ताठरले, आणि तिसऱ्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला. पुतण्याने दोन रात्री त्याच्यापाशी बसून काढल्या. ब्रूनोला उठवत नव्हते. तो जागेवरच लघवी करी आणि पुतण्या जुन्या फडक्याने ती पुशी. हात उघडे होते. व्यापाऱ्याच्या मुलाच्या बोटांना सुतळीचे कापलेले व्रण असतात, तसे त्याच्याही होते. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे नेल्यावर त्यांनी रक्त तपासले, सलाइन लावले आणि पुतण्याला बजावले, "याच्या लघवीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. आणि घरात कोणाला ताप आलाच, तर तुमच्या डॉक्टरांना याच्याविषयी आधी सांगा." पुतण्याने मान डोलावली. त्याचे सारे लक्ष ब्रूनोकडे होते. पशुवैद्यांनी दिलेली फाइल त्याने मोटारीच्या डॅशबोर्डच्या खणात टाकली आणि ती तेथेच राहिली.

आठ दिवसांनी ब्रूनो बरा होऊ लागला आणि पुतण्याला थंडी वाजून ताप आला. पावसाळ्यातला ताप म्हणून दोन दिवस तापाच्या गोळीवर काढले. अंग इतके मोडून आले, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की त्याला जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी एका खासगी रुग्णालयात दाखल केले. डेंग्यूची तपासणी झाली, ती नकारात्मक आली. प्लेटलेट्स नव्वद हजारांवर उतरल्या होत्या. बहुधा विषाणूजन्य ताप असावा, असे ठरून त्यानुसार उपचार सुरू झाले. रुग्णालयाला मी दोष देत नाही. डॉक्टरांनी विचारायचे ते विचारले होते: बाहेरगावी गेला होता का, डास आहेत का, बाहेरचे काही खाल्ले का. घरात आजारी जनावर आहे का, हे विचारले गेले नाही. आणि आमच्यापैकी कोणी ते आपणहून सांगितले नाही. सांगणार तरी कोण? पशुवैद्यांचे बोलणे ज्याने ऐकले होते, तो तापाच्या गुंगीत होता. बाकी सर्वांना "ब्रूनोला कावीळ झाली होती" एवढेच ठाऊक होते, आणि कुत्र्याच्या काविळीचा माणसाच्या तापाशी संबंध असू शकतो हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा मेडिक्लेमचे कार्ड हवे होते. ते मोटारीत असेल म्हणून मला खाली पाठवले. खणात कार्ड सापडले, आणि त्याखाली ही फाइल. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, ही बँकेने लावलेली सवय आहे. घरचे तिला खोड म्हणतात. रुग्णाचे नाव ब्रूनो, बिलिरुबिन वाढलेले, क्रिएटिनिन वाढलेले, आणि तळाशी पशुवैद्यांच्या हस्ताक्षरात एक शब्द, त्यापुढे प्रश्नचिन्ह: लेप्टोस्पायरोसिस?

हा शब्द मी वृत्तपत्रांत वाचलेला होता, मुंबईच्या पुराच्या बातम्यांत. तो कागद घेऊन मी जिना चढलो आणि डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग खाटेपाशी जाऊन पुतण्याचे डोळे उघडून पाहिले. डोळे लालबुंद होते, मात्र त्यांतून चिकट स्राव नव्हता. पोटरी हलकेच दाबली, तसा तो कळवळला. "काका, हा कागद पहिल्याच दिवशी मिळाला असता तर बरे झाले असते," एवढेच ते म्हणाले. तासाभरात प्रतिजैविक सुरू झाले आणि नव्या तपासण्यांसाठी रक्त गेले.

तरीही पुढचे चार दिवस कठीण गेले. लघवी कमी झाली, क्रिएटिनिन साडेचारच्या पुढे गेले, डोळे पिवळे झाले. तीन वेळा डायलिसिस करावे लागले. चौतीस वर्षांच्या मुलाला त्या यंत्राला जोडलेले पाहणे हा अनुभव कोणत्याही आई-वडिलांच्या वाट्याला न येवो. सुदैवाने या आजारात मूत्रपिंडे बंद पडली तरी वेळीच आधार मिळाल्यास बहुधा पूर्ववत काम करू लागतात; तशी ती करू लागली. सोळाव्या दिवशी पुतण्या घरी आला.

एकाच घरातील दोन रुग्णांच्या दोन फायली होत्या. दोन्हींत बिलिरुबिन होते, दोन्हींत क्रिएटिनिन होते, तारखांत पंधरवड्याचेही अंतर नव्हते. एक फाइल माणसांच्या डॉक्टरांकडे आणि दुसरी मोटारीच्या खणात. शाखेत आम्ही ज्याला ताळमेळ घेणे म्हणत असू, तो या दोन कागदांचा कोणी घेतलाच नव्हता.

आता हा आजार आहे तरी काय, ते सांगतो. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार, अतिशय बारीक जीवाणू आहे. १८८६ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील आडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून त्याच्या तीव्र स्वरूपाला आजही वाइलचा आजार म्हणतात. कारण मात्र कळायला जवळजवळ तीस वर्षे जावी लागली. जपानच्या क्यूशू बेटावर कोळशाच्या खाणींत, गुडघाभर पाण्यात राबणाऱ्या मजुरांना हा ताप येई. रियोकिची इनादा आणि युताका इदो यांनी पहिल्या महायुद्धाच्या त्या वर्षांत या मजुरांच्या आजाराचा माग काढून जीवाणू शोधला, आणि उंदीर तो बाळगून असतो हेही जपानी संशोधकांनीच दाखवून दिले. गंमत अशी की त्याआधी, १९०७ मध्ये, अमेरिकेतील स्टिम्सन यांनी हाच जीवाणू पाहिला होता, पीतज्वराने गेला असे समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या कापात. त्याची टोके आकड्यासारखी वळलेली, सबंध आकृती प्रश्नचिन्हासारखी. म्हणून त्याच्या नावात 'इंटरोगन्स' हा शब्द आला. पशुवैद्यांनी काढलेले प्रश्नचिन्ह मला त्यानंतर अधिकच लक्षात राहिले.

कुत्र्यांचा संबंध १९३३ साली स्पष्ट झाला. नेदरलँड्समध्ये क्लारेनबीक आणि श्यूफनर यांना कुत्र्यांमध्ये या जीवाणूचा एक निराळा प्रकार आढळला. त्याला 'कॅनिकोला', म्हणजे श्वानाच्या ठायी राहणारा, असे नाव मिळाले. उंदरांचा प्रकार वेगळा, कुत्र्यांचा वेगळा, गुराढोरांचे आणखी वेगळे. परंतु ही वाटणी काटेकोर नाही. उंदरांकडील प्रकार कुत्र्याला होतो आणि दोन्हींकडील माणसाला.

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हा जीवाणू ठाण मांडून बसतो आणि त्यांना स्वतःला त्याचा काहीच त्रास होत नाही. लघवीवाटे तो आयुष्यभर बाहेर पडत राहतो. कोरड्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवर तो लवकर मरतो. ओल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतो. पावसाळा हा त्याचा हंगाम आहे तो यामुळेच. त्या पाण्यात माणसाचा किंवा जनावराचा पाय पडला, आणि पायाला भेग, खरचटलेले, चिखल्या अशी काही वाट असली, की तो आत शिरतो. डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या त्वचेतूनही तो जातो. कुत्र्याला लागण झाली म्हणजे त्याच्याही लघवीवाटे तो आठवडे-महिने बाहेर पडू शकतो, आणि कित्येकदा कुत्रा वरून धडधाकट दिसत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी घरच्या मुक्या प्राण्याला बाहेर काढायचे. माणसांना होणारी बहुतेक लागण उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होते. घरच्या कुत्र्याकडून माणसाला होणे त्यामानाने विरळ आहे. कुत्र्याच्या चाटण्याने हा आजार सहसा होत नाही, जवळ बसण्याने होत नाही; धोका त्याच्या लघवीचा आहे, आणि विशेषतः तो आजारी असताना. आमच्या पुतण्याच्या बाबतीत तरी लागण लघवी पुसण्यातून झाली की गाळ्यामागच्या त्याच डबक्यातून, हे डॉक्टर शंभर टक्के सांगू शकले नाहीत. दोघे रोज एकाच बोळातून जात होते. मला त्यातून उमगते ते हे, की ब्रूनो आमच्याआधी आजारी पडला आणि आमच्या अवतीभवती काय वावरते आहे ते त्याने आम्हाला आधीच दाखवून दिले. आम्ही ते ऐकले नाही.

आपल्याकडे हा आजार नवा नाही. अंदमानात तो ब्रिटिशांच्या राजवटीतच नोंदला गेला होता, आणि पोर्ट ब्लेअरच्या संशोधन केंद्रात त्यावर दीर्घकाळ काम झाले आहे. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात, जेथे आपल्यापैकी अनेकांचे आप्त आहेत, भाताच्या आणि उसाच्या शेतांत राबणाऱ्यांना तो गेली तीस वर्षे दर पावसाळ्यात गाठतो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तेच. मुंबईकरांना २६ जुलै २००५ विसरता येणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लाखो माणसे कंबरभर पाण्यातून चालत घरी गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत या तापाची साथ आली. जगभरात दर वर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा आजार होतो आणि जवळपास एकोणसाठ हजार त्यात दगावतात, असा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. मुंबईतील डॉक्टर त्यामुळे पावसाळ्यातल्या तापात या नावाचा विचार आधी करतात. पुण्यासारख्या ठिकाणी तो तितका चटकन होत नाही, आणि म्हणूनच आपण स्वतः माहिती पुरवणे महत्त्वाचे ठरते.

संसर्गानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्याभरानेही, ताप येतो. एकाएकी चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबरेत असह्य वेदना, लाल डोळे. बहुसंख्य रुग्ण येथूनच बरे होतात, काहींना तर आपल्याला काय झाले होते हेही कळत नाही. थोड्यांना मात्र दोन-तीन दिवस उतार पडल्यासारखा वाटून आजार उलटतो आणि यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांवर उतरतो. अशा तीव्र रुग्णांत शंभरी पाच ते पंधरा दगावतात. डेंग्यूशी याचे साम्य पुष्कळ आहे, प्लेटलेट्सही दोन्हींत उतरतात. आमच्या डॉक्टरांनी मला समजावले ते असे: नेहमीच्या विषाणूजन्य काविळीत यकृताच्या एसजीपीटीसारख्या आकड्यांची उडी हजारांत जाते, येथे बिलिरुबिन चढते, पण ते आकडे त्यामानाने थोडेच वाढतात, आणि बरोबरीने क्रिएटिनिन चढू लागते. आकड्यांत आयुष्य गेलेल्या मला हे चटकन पटले.

आणखी एक अडचण तपासणीची आहे. या आजाराची जी रक्तचाचणी सर्वत्र होते, ती शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. आमची पहिली चाचणी नकारात्मकच आली होती. दहाव्या दिवशीची होकारार्थी आली. पीसीआर पद्धतीने पहिल्या आठवड्यात रक्तात जीवाणू सापडू शकतो, पण ती सोय सर्वत्र नसते. म्हणून जाणकार डॉक्टर अहवालाची वाट न पाहता संशयावरून उपचार सुरू करतात. उपचार महागडा नाही, पेनिसिलिन, सेफ्ट्रायक्झोन, डॉक्सिसायक्लिन ही जुनी आणि सहज मिळणारी औषधे आहेत. प्रश्न त्यांच्या वेळेचा असतो. आणि संशय यायला डॉक्टरांच्या हाती काहीतरी धागा हवा: साचलेल्या पाण्यातून गेला होता, गोदामात उंदीर आहेत, पायाला जखम होती, घरचा कुत्रा आठ दिवसांपूर्वी आजारी होता. कर्जाच्या अर्जात अर्जदाराने लपवलेल्या गोष्टीपेक्षा, बिनमहत्त्वाची समजून न सांगितलेल्या गोष्टींनी मला नोकरीत अधिक वेळा अडचणीत आणले. येथेही तेच झाले.

पुरात किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास मुंबईत महापालिका पहिल्या बहात्तर तासांत प्रतिबंधक औषध घेण्याचे आवाहन करते. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना डॉक्सिसायक्लिन चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे औषध असते.

आपल्या घरांत एक समज मी ऐकला आहे. चातुर्मासात आपण उकाळलेले पाणी पितो, मग पाण्याचे आजार आपल्याला कोठून होणार? पिण्याच्या पाण्यापुरते हे खरे आहे. उकळल्याने हा जीवाणू मरतो. परंतु तो तोंडावाटे येण्यापेक्षा पायांवाटे अधिक येतो. देरासरात आपण अनवाणी जातो. पावसात बाहेरच्या आवारात, गटाराच्या कडेला पाणी तुंबलेले असते. ज्यांच्या टाचांना भेगा आहेत, ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आवाराच्या दारापर्यंत तरी पायात काही घालावे, परतल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करावेत, जखम झाकावी. तुंबलेल्या पाण्याचा निचरा करून घेणे हे तर विश्वस्तांना सहज शक्य आहे, आणि त्यात जीवदयाही आहे. साचलेल्या पाण्यात किती जीव उत्पन्न होतात ते मी आपल्याला काय सांगावे.

उंदरांचा प्रश्न अवघड आहे. विष घालणे किंवा चिकट फळ्या लावणे बंधूंच्या मनाला पटत नाही, माझ्याही नाही. त्यामुळे आजवर आम्ही काहीच करीत नव्हतो, आणि काहीच न करण्याला अहिंसा समजत होतो. पुतण्याच्या आजारानंतर गाळ्यात पहिल्यांदा नीट पाहणी केली. घुशींची सहा बिळे निघाली, त्यांतली दोन थेट गटारात उघडत होती. उंदीर येतो तो खाण्यासाठी आणि राहतो तो आडोशासाठी. पोती जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतरावर रचली, म्हणजे मागे आडोसा उरला नाही. सांडलेली डाळ सकाळी झाडायची पद्धत होती, ती रात्री शटर ओढण्यापूर्वी झाडली जाऊ लागली. गटाराच्या तोंडांना बारीक जाळी बसवली. बिळे बुजवण्याआधी ती रिकामी आहेत याची खात्री करून घेतली: तोंडाशी कागदाचा बोळा खुपसून ठेवायचा, दोन दिवस तो हलला नाही तर सिमेंट. हा उपाय एका वृद्ध हमालाचा. त्याला शाळा ठाऊक नाही, पण त्याच्या बोळ्याची चाचणी रक्तचाचणीपेक्षा खात्रीची निघाली. घुशी संपल्या असे मी म्हणणार नाही. कमी झाल्या. हमालांनाही गमबूट दिले, जे खरे तर फार आधी द्यायला हवे होते. अनवाणी पायाने त्या बोळातून दिवसभर ये-जा करणारे तेच होते, आणि त्यांच्यापैकी कोणाला ताप आला असता तर त्याची फाइल तपासायला कोणी धावत आले नसते.

आता ब्रूनोविषयी. त्याच्या लसीकरणाचे पुस्तक मी मागवून पाहिले. रेबीजची लस दर वर्षी नियमित. पण लेप्टोस्पायराचा समावेश असलेल्या लसीच्या रकान्यात शेवटची नोंद सव्वादोन वर्षांपूर्वीची. पुढील तारीख पेन्सिलीने लिहिलेली होती आणि ती निघून चौदा महिने झाले होते. जीएसटीचे विवरण ज्या पेढीने एक दिवस उशिरा भरलेले नाही, त्या पेढीच्या घरातील ही नोंद. कुत्र्याचे इंजेक्शन म्हणजे रेबीजचे इंजेक्शन, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. रेबीजची लस निराळी. पिल्लांना देतात त्या एकत्रित लसीत लेप्टोचा घटक असतो किंवा नसतोही. कुपीवरच्या चिकटपट्टीत शेवटी 'एल' हे अक्षर आहे का, ते पशुवैद्यांना विचारून पाहावे. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि मग दर वर्षी एक, असा तिचा क्रम असतो. तिचा परिणाम साधारण वर्षभर टिकतो. वेळ फार उलटली तर पुन्हा दोन मात्रांपासून सुरुवात करावी लागू शकते, तशी ती ब्रूनोच्या बाबतीत करावी लागली. ही लस सर्वच प्रकारांपासून संरक्षण देत नाही, तरी तीव्र आजार टाळण्यात तिचा मोठा वाटा आहे. माणसांसाठीची लस काही मोजक्या देशांत आहे; आपल्याकडे सर्वसामान्यांना ती मिळत नाही. तेव्हा घरात टोचून घ्यायची ती कुत्र्यालाच.

पुतण्या रुग्णालयात असताना घरात ब्रूनोवरून वाद झाला. नातेवाइकांपैकी काहींचे म्हणणे होते, की मुलगा मरणाच्या दारातून परत येतो आहे, घरात दोन लहान मुले आहेत, या जनावराला पांजरपोळात पाठवावे. त्यांचे भय खोटे नव्हते. भावजय दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः पशुवैद्यांकडे गेली, कोणालाही न सांगता, आणि विचारून आली. त्यांनी सांगितले, मूत्रपिंडात दडलेला जीवाणू घालवण्यासाठी ब्रूनोला दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन द्यायचे; तोवर तो अंगणात बांधायचा, लघवीच्या जागेवर ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतायचे, ते करताना हातमोजे आणि बूट घालायचे, मुलांना जवळ जाऊ द्यायचे नाही. पुढे त्याला घरात घ्यायला हरकत नाही. आणि, "ताई, तुम्ही याला पाठवलात तर तेथे शंभर जनावरे आहेत," एवढे ते म्हणाले. आजारी कुत्रा दुसऱ्या प्राण्यांत सोडून देण्यात कोणती दया आहे, हे तिने घरी येऊन विचारले तेव्हा कोणापाशी उत्तर नव्हते.

ते दोन आठवडे ब्रूनोचे सगळे तिनेच केले. पिवळे रबरी मोजे, मुलाचे पावसाळी बूट, हातात बादली, अशी तिची मूर्ती मी नाशिकला परतण्याच्या आदल्या सकाळी अंगणात पाहिली. ब्रूनो दोरीच्या टोकाला बसून तिच्याकडे पाहत होता.

पुतण्या आता गाळ्यावर जातो. तीन महिन्यांनी तपासलेले त्याचे क्रिएटिनिन एक पूर्णांक एक निघाले. ब्रूनो घरीच असतो, गाळ्यावर येत नाही. पेढीच्या भिंतीवर, ज्या दिनदर्शिकेवर हुंड्यांच्या, विम्याच्या आणि विवरणपत्रांच्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या असतात, तेथे या श्रावणातल्या एका तारखेपुढे बंधूंच्या अक्षरात 'ब्रूनो – लस' असे लिहिले आहे, आणि या वेळी ते पेन्सिलीने लिहिलेले नाही.